गाळलेल्या दुपारी

आईच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं जेवून पांगली, सतरंज्या गुंडाळून झाल्या, तेव्हा कुठं उत्पला पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली. माठ त्याच्या नेहमीच्या जागी होता, मागचं दार आणि खिडकी यांच्या मधोमध, जिथून वारा आरपार जातो. झाकणावर एक ओलं फडकं घडी घालून ठेवलेलं होतं. ते बाजूला सारताना तिच्या हाताला काहीतरी कडक लागलं.

फडक्यात दंडावर बांधायची उष्मापट्टी होती. आईची.

"बाबा, ही इथं काय करतेय?"

बाबा दारात येऊन उभे राहिले. उभं आयुष्य एसटीत कंडक्टरकी केल्यामुळं त्यांना हळू बोलता येत नसे. आज मात्र आवाज बसला होता. "राहू दे तिथंच. दुपार आहे ना."

"दुपारीच तर ती दंडावर पाहिजे."

"दंडावर लाल दिवा लागते तिचा. गरम होते ते. तुझ्या आईचा नेम होता, लाल दिवा लागला का काढायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि माठावर ठेवायची. ऊन उतरलं का पुन्हा घालायची. माझी बी तशीच ठेवतो मी." त्यांनी माठामागं बोट दाखवलं. तिथं दुसरं फडकं होतं.

उत्पलानं भरलेला पेला तसाच खाली ठेवला.

"लाल दिवा पट्टीला त्रास होतो म्हणून लागत नाही, बाबा. माणसाला त्रास होतो म्हणून लागतो. लाल दिवा लागला की माणसानं काम थांबवायचं, अंग पुसायचं, हाक मारायची. पट्टी काढायची नसते."

"पेटीवर लिहिलं होतं," बाबा म्हणाले. "शासकीय मालमत्ता. खराब झाल्यास जबाबदारी वापरणाऱ्याची. तिनं मले वाचून दाखवलं."

उत्पलाला आणखी काही विचारावं लागलं नाही. तिची आई, पंचशीला रामटेके, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या. त्यांच्या शाळेत शासनानं दिलेली विज्ञानाची प्रयोगपेटी होती, पृथ्वीचा गोल होता, भिंगं होती, आणि ते सगळं कुलपात होतं. तपासणीला साहेब आले की काच फुटलेली चालत नसे. फुटली तर पगारातून जात असे. मुलांना भिंग पाहायला मिळे ते बाईंच्या हातात, कपाटासमोर उभं राहून. वस्तू वापरायची म्हणजे आधी जपायची, हे पळसबोडी गावातल्या सगळ्यांना बाईंनीच शिकवलं होतं. त्यातून ही पट्टी बाईंच्या लेकीनं केलेली. ती तर देव्हाऱ्यातच ठेवायची, पण बाईंच्या घरी देव्हारा नव्हता.

शेजारच्या फुलवंताकाकू भांडी घासून पदराला हात पुसत आत आल्या. शाळेत खिचडी शिजवायचं काम त्या अजूनही करत.

"काकू, तुम्हाला पण पट्टी दिलीय ना? दुपारी कुठं असते ती?"

"लोट्यात, ओल्या फडक्यात. काऊन?" काकूंनी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. "बाईनं दाखवलं तशीच ठेवतो आमी साऱ्याजणी. माह्या नवऱ्यापेक्षा जास्त जपलं बाप्पा मी तिले. त्याले कदी एवढं गार ठेवलं नाही."

कोणी हसलं नाही.

आई गेली ती दुपारी, मागच्या खोलीत, विहाराच्या वाचनालयासाठी पुस्तकांना कव्हरं घालता घालता. कूलर चालू होता. बाबा पुढच्या खोलीत झोपले होते. दंडावर पट्टी असती तर तिनं आधी लाल दिवा दाखवला असता, मग कर्कश वाजली असती, मग उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या फोनवर संदेश गेला असता. पट्टी माठावर होती. सुरक्षित.

*

उष्मा निधी येण्यापूर्वी राज्यात उन्हाळ्याचा पैसा कसा वाटला जाई, हे सांगायला फार शहाणपण लागत नाही. ज्याचा आमदार मोठा, त्याच्या गावची छतं ऊन परतवणाऱ्या रंगानं पांढरी. पुढं न्यायालयानं फटकारलं, तेव्हा तापमानावर वाटप करायचं ठरलं. पण तापमान मोजतात सावलीतल्या हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापीवर. तशा पेटीत कोणी राहत नाही. माणसं पत्र्याखाली राहतात, भट्टीपुढं उभी राहतात, चिखलात वाकून धानाची रोवणी करतात.

म्हणून पुण्याच्या उष्मा निधी कक्षानं पट्टी आणली. ती दंडावर बसते. त्वचेचं तापमान, घाम, नाडी आणि आजूबाजूची हवा मोजते, आणि त्या चारही मापांवरून त्या देहावर उन्हाचा किती भार आहे ते ठरवते. प्रत्येक गावात काही घरांना पट्ट्या द्यायच्या, भार गोळा करायचा, आणि जिथं तो सर्वांत जास्त तिथं आधी गारवा केंद्र बांधायचं. गारवा केंद्र म्हणजे एक मोठी खोली, जिच्यातल्या हवेतला ओलावा सौरयंत्रं काढून टाकतात. तळपत्या दुपारी गावानं तिथं येऊन बसायचं आणि जिवंत घरी जायचं. योजना चांगली होती. उत्पलानं त्यासाठी परदेशातली नोकरी सोडली होती, आणि तसं केल्याचा पश्चात्ताप तिला कधी झाला नव्हता.

कक्षातल्या संगणकासाठी एकच गोष्ट तिनं स्वतःच्या हातानं लिहिली होती. माणसं आंघोळीला पट्टी काढतात, कधी ती चार्ज करायची राहते; मग नोंदीत खंड पडतो. ते खंड भरायला तिनं एक रीत बसवली होती. त्याच माणसाची आधीची आणि नंतरची नोंद घ्यायची आणि मधली जागा त्या दोहोंच्या हिशेबानं भरायची. गाळलेल्या जागा भरा, आई पोरांना फळ्यावर द्यायची तसं. ही रीत जगभर वापरतात. ती एकाच गोष्टीवर उभी असते: खंड कुठंही, कधीही, सहज पडलेला असावा.

पुण्याला परतल्यावर तिनं पळसबोडीच्या नोंदी उघडल्या. सकाळी साऱ्यांचा भार हळूहळू चढत होता, आणि लाल दिव्याच्या रेषेला टेकला की एकेक नोंद तुटत होती. ऊन उतरल्यावर साऱ्याजणी पुन्हा उगवत होत्या. मधल्या जागी तिच्या रीतीनं सकाळ आणि संध्याकाळ जोडून एक गुळगुळीत, सोसवेल अशी रेघ ओढली होती. जेव्हा बोलायचं तेव्हाच पट्ट्या गप्प होत्या. राज्याच्या लेखी पळसबोडीत दुपार होतच नव्हती.

म्हणून गाव यादीत पार तळाशी होतं. तळाच्या गावांना गारवा केंद्र मिळत नाही. छतांना लावायचा पांढरा रंग तेवढा मिळतो.

मग तिनं टाकाऊ नोंदी उघडल्या. ज्या वेळी पट्टीला नाडी सापडत नाही, त्या वेळी पट्टी देहावर नाही असं समजून संगणक ती नोंद बाजूला फेकतो. पण पट्टी मोजायची थांबत नाही. आईची पट्टी माठावर, वाऱ्याच्या वाटेत, ओल्या फडक्यात बसून दुपारभर मोजत राहिली होती.

घाम आला की माणूस थंड होतो असं आपण म्हणतो. खरं तर तो घाम वाळला की थंड होतो. हवेत आधीच ओलावा असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि आतली आग आतच राहते. हवा किती सुकवू शकते हे मोजायची जुनी, साधी रीत आहे. तापमापीला ओलं फडकं गुंडाळायचं आणि वाऱ्यात ठेवायचं. त्या ओल्या तापमानानं पस्तिशी गाठली तर धडधाकट माणूसही सावलीत बसल्या जागी मरतो. म्हाताऱ्यांना तिथवर जावंच लागत नाही.

आईनं नकळत नेमकं तेच यंत्र मांडलं होतं. गावातल्या साऱ्याजणींनीही. आधीच्या उन्हाळ्यात त्या ओल्या तापमानाची रेघ खाली होती. तेव्हा पळसबोडीच्या भागातलं, झाडीपट्टीतलं ऊन कोरडं होतं, फडकं वाळायचं, कूलर गारवा द्यायचा. या वर्षी मे महिन्यातच समुद्रावरचा दमटपणा तळ्यांच्या या मुलखात येऊन बसला आणि रेघ चढत गेली. आई गेली त्या दुपारी ती सर्वांत वर होती.

त्या आठवड्यात फोनवर आई म्हणाली होती, "माठाचं फडकं आता एकदा भिजवलं का दुपारभर ओलंच राहते. बरं झालं, घडीघडी उठायचं काम नाही." उत्पला बैठकीत होती. तिनं हं म्हटलं होतं.

*

कक्षाचे संचालक नाईकवडी यांनी तिची मांडणी शांतपणे पाहिली. माणूस वाईट नव्हता. आई गेल्याचं कळल्यावर सगळ्यांत आधी त्यांचाच फोन आला होता.

"उत्पलाताई, हे विलक्षण आहे. शंभर टक्के बरोबर आहे, आणि तीच अडचण आहे."

"कसली अडचण?"

"पट्टी फडक्यात होती हे सिद्ध करायचं, तर पट्टी दंडावर नव्हती हेही सिद्ध होतं. लोकांचे जबाब लागतील. नुसत्या टाकाऊ नोंदींवर समिती यादी बदलणार नाही. आणि जबाब आले की नियम आहे."

नियम तिला पाठ होता. पहिल्याच वर्षी एका तालुक्यात पट्ट्या बोकडांना बांधून उन्हात सोडल्याचं उघडकीला आलं होतं. सगळा कक्ष पोट धरून हसला होता, आणि मग हसू आवरून नियम केला होता: पट्टी हेतुपुरस्सर काढणारं गाव निधीवाटपाच्या दोन फेऱ्यांतून बाद. मतदानात तिनंही हात वर केला होता.

"तो लबाडीसाठी आहे, सर. इथं लबाडी नाही. यांनी पट्टी जपली. नुकसान झालं ते त्यांचंच."

"समितीला सांगून पाहतो. मला वाटतं ऐकतील," नाईकवडी म्हणाले. "पण जबाब हवेत. सगळ्यांचे. आणि कोणाच्या सांगण्यावरून केलं, तेही."

*

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नको. वाचनालयाले तिचं नाव द्यायचं ठरलं आहे विहारात. आता तू लोकाईसमोर उभी राहून सांगशील, का बाईचं चुकलं?"

"पुढचा उन्हाळा तुम्हाला काढायचा आहे, बाबा."

"काढीन ना. एसटीच्या इंजिनावर बसून काढले मी उन्हाळे."

"मग पुण्याला चला."

"कायले? लिफ्टमध्ये खालीवर करू? तिकीट कोणाले फाडू?" मग थोड्या वेळानं, खिडकीकडे पाहत, "ती मेली तरी माह्यासोबत आहे इथं. तेवढी तरी चांगली राहू दे."

तरीही सभा झाली. विहारात बायका सतरंजीवर दाटीनं बसल्या, पुरुष भिंतीला टेकून उभे राहिले. उत्पलानं पट्टीचा लाल दिवा पेटवून दाखवला, तो कशासाठी आहे ते सांगितलं, गारवा केंद्र कसं मिळेल तेही सांगितलं.

"म्हणजे बाईचं चुकलं म्हणतेस?" फुलवंताकाकूंनी विचारलं.

बाबा दाराशी उभे होते. उत्पलानं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"हो. आईचं चुकलं."

"आन् तुहं?" भिंतीकडून कोणीतरी म्हणालं. "तुह्या त्या पुण्यातल्या मशिनीले दिसलं नाही, का झाडीत दुपार गायब झाली म्हणून?"

"माझंही चुकलं."

"मंग दोघी मायलेकीईनं मिळून आमाले मारलं म्हणा ना," तोच आवाज म्हणाला. काहींनी त्याला गप्प केलं, पण तेही जरा उशिरानंच.

शेवटी काकू उठल्या. "लिहून घे पोरी. फुलवंता मेश्राम. पट्टी लोट्यात ठेवत होती. बाईनं सांगतलं म्हणून." त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा म्हणाल्या, "बाईनं चांगल्यासाठीच सांगतलं, हेबी लिही."

ते लिहायला जबाबात जागा नव्हती. उत्पलानं समासात लिहिलं.

*

समितीची बैठक बंद दाराआड झाली. निकाल सांगायला नाईकवडी स्वतः तिच्या टेबलापाशी आले आणि उभेच राहिले, तेव्हाच तिला काय ते समजलं.

"हेतुपुरस्सर या शब्दावर अडलं. मी म्हटलं, हेतू वाईट नव्हता. ते म्हणाले, हेतू होता ना? रोज, दुपार झाली की, ठरवून. शिवाय..." ते घुटमळले. "शिवाय पळसबोडीला सूट दिली तर आणखी किती गावांच्या टाकाऊ नोंदी उघडाव्या लागतील?"

"किती गावांत असं झालंय, ते बघायला नको?"

"बघितलं तर मागच्या दोन्ही वर्षांचं वाटप चुकलं असं होतं. बांधलेली केंद्रं काय उचलून दुसरीकडे न्यायची?"

"म्हणजे दोन फेऱ्या."

"दोन फेऱ्या."

"आणि रंग?"

"बाद म्हणजे रंगही नाही."

समोरच्या पडद्यावर नवी यादी आली होती. तळाशी आता पळसबोडीचं नाव नव्हतं. वरच्या नावांत शहराजवळच्या टेकड्यांवरच्या दोन नव्या वसाहती होत्या. तिथल्या लोकांची नोंद फार सुरेख होती, एकही खंड नाही. संध्याकाळी चढावर धावायला जातानाही ते पट्टी काढत नसत.

"जबाब दिले नसते तर?" तिनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"तर रंग मिळाला असता," नाईकवडी म्हणाले. "उत्पलाताई, खरं बोलल्याचं दुःख करू नका."

"खरं बोलल्याचं नाही करत," ती म्हणाली, आणि दीर्घ रजेचा अर्ज लिहायला घेतला.

*

पुढच्या उन्हाळ्यात ती पळसबोडीत होती. बाबा पुण्याला आले नाहीत, म्हणून ती इथं आली. गावानं तिला वाळीत टाकलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. किराणा दुकानात तिला पाहिलं की बोलणं जरा थांबे, इतकंच. विहारातलं वाचनालय सुरू झालं. त्याला बाईंचं नाव द्यायचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. आईनं कव्हरं घातलेली पुस्तकं मात्र तिथं होती, आणि त्यांच्या कडा अजून सरळ होत्या.

बाद झालेल्या गावांकडून पट्ट्या परत घ्यायला तालुक्याहून एक कर्मचारी बाई आल्या. उन्हानं तोंड लालबुंद झालेलं. ओसरीवर बसून त्यांनी आधी पोटभर पाणी पिऊन घेतलं. बायका एकेक करून पट्ट्या आणून देत होत्या. बाई प्रत्येक उलटीपालटी करून पाहत आणि पावती फाडून देत. फुलवंताकाकूंच्या पट्टीवर हळदीचा डाग निघाला.

"हे काय हो?"

"खिचडीची हळद जी. शेवटी शेवटी घालूनच शिजवत होती ना," काकू म्हणाल्या. "आता कोणी मोजत नव्हतं, मंग म्हटलं वाजू दे बिचारी. दिवसभर बोंबलत होती."

बाबांनी स्वतःची पट्टी दिली. मग आत गेले आणि माठावरचं फडकं उलगडून दुसरी घेऊन आले. ते फडकं बाबा अजूनही रोज भिजवत. उत्पलानं एकदाही त्यांना अडवलं नव्हतं.

बाईंनी ती हातात घेतली, उजेडात धरली, पट्टा ताणून पाहिला, काचेवरून अंगठा फिरवला.

"एक ओरखडा नाही! अख्ख्या तालुक्यात अशी पट्टी नाही पाहिली मी. लोकांनी काय हाल करून ठेवलेत, सांगू तुम्हाला. ही कोणाची?"

बाबा ताठ बसले. कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज फाटकापर्यंत गेला.

"रामटेके बाईंची. मास्तरीण होत्या."

"वाटतंच ते," तालुक्याच्या बाई म्हणाल्या, आणि पावतीवर लिहिलं: सुस्थितीत जमा.

त्या गेल्यावर बाबांनी पावती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मोठ्यानं. मग खुर्चीवर चढून आईच्या फोटोच्या चौकटीत, काचेच्या कडेला ती खोचून ठेवली आणि उतरताना त्यांचा तोल गेला. उत्पलानं त्यांना धरलं. त्यांचा हात कढत होता आणि घामानं निथळत होता.

"बसा बरं जरा."

"बसलो. काही नाही झालं मले."

ऊन आता ओसरीच्या पायरीवर चढलं होतं. कूलर घरघरत होता आणि खोलीत नुसती वाफ सोडत होता. तिनं तो बंद केला. माठावरचं फडकं रिकामं पडलं होतं. तिनं ते गार पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि बाबांच्या डोक्यावर ठेवलं.

"हां," बाबा डोळे मिटून म्हणाले. "आता बरं वाटते."

ती त्यांच्या शेजारी बसली. बराच वेळ गेला. खिडकीतून वारा येत होता, दारातून बाहेर जात होता. तिनं फडक्याला हात लावून पाहिला. ठेवलं तेव्हा होतं तितकंच ते ओलं होतं, आणि आता कोमट झालं होतं.

तिनं हात काढला नाही.